पेन्सिलीतले किलोमीटर

तीन लाख अकरा हजार चारशे.
यातले नऊ हजार पेन्सिलीने लिहिलेत,
कारण त्या वर्षी मीटरची केबल तुटली होती
आणि मी रोज अंदाजाने मांडत गेले:
प्रतापनगर ते कोयली, कोयली ते प्रतापनगर,
एखाद्या रविवारी पावागडचा पायथा, एकटी.
खोटं लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं.
इंजिनाने विचारलं असतं.

रिफायनरीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
मी तेलाचा दाटपणा मोजला,
काचेच्या नळीतून उतरायला त्याला लागणारे सेकंद.
म्हणून कनुभाई पंचाल डिपस्टिक पुसत नाही,
तशीच माझ्या हातात देतो.
मी चिमटीत तेल चोळते, वास घेते,
जळका नाही, पेट्रोलचा नाही, बरं.
"बोलो कारखानीसबेन," तो म्हणतो,
जसा डॉक्टरसमोर बसलेला नातेवाईक.

लोकांना वाटतं, बुटकी, लाल, दोन दारांची,
म्हणजे पळवायची.
पळवते की.
पण आधी निळा दिवा विझू देते.
झोपेतून उठलेल्या माणसाला
कुणी दारातच हिशेब विचारतं का?
आणि घरी आल्यावरही लगेच किल्ली फिरवत नाही.
शेजारचे दवे खिडकीतून ओरडतात, पेट्रोल फुकट आहे का?
नाही. म्हणूनच.

टायमिंग बेल्ट कनुभाईने काढून दाखवला.
दात शाबूत, कुठे चीर नाही.
"हजी वीस हजार चालशे, बेन."
म्हटलं, बदल.
न तुटलेली वस्तू बदलायला पैसे लागतात
आणि पैशांशिवाय आणखी काहीतरी लागतं,
जे आमच्या घरात कुणाकडे नव्हतं.
माझा भाऊ जिना चढताना छातीवर हात ठेवायचा
आणि म्हणायचा, चालतंय ना अजून.
जुना बेल्ट मी घरी आणला.
गच्चीतल्या तडकलेल्या माठाला तो असा बसलाय
की माठ अजून गळत नाही.

विश्वामित्री चढणार म्हणाले त्या दिवशी
मी दुपारी चारलाच लालबागच्या पुलावर गाडी लावली.
सोसायटीतले हसले: मगर दाराशी आली की निघू आम्ही.
रात्री दहाला माझ्यामागे पुलाच्या टोकापर्यंत रांग,
नव्या, उंच, चकचकीत,
आणि खाली सगळीकडे ते तपकिरी पाणी,
आवाज न करता वर येणारं.

पहाटे एका मुलाने काच वाजवली.
रात्रभर एसी लावून झोपला होता, बॅटरी मेली.
माझ्या डिकीत जंपर केबल होती,
फ्यूज, दोरी, पाण्याचा कॅन आणि एक जुनी साडी,
जिने मी बॉनेटखालचं सगळं पुसते.
त्याची गाडी सुरू झाली. तो माझीकडे बघत राहिला.
"आंटी, किती चाललीये?"
सांगितलं.
"पण ही कंपनी तर बंद झाली ना?
पार्ट मिळतात कुठे?"
मिळत नाहीत, म्हटलं.
म्हणून तर तुटू देत नाही.

तो हसला. मी गंमत केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पूल रिकामा झाला.
रस्त्यावर गाळ, सोफे, कुणाच्या तरी परीक्षेच्या वह्या.
कनुभाईच्या गॅरेजमध्ये कमरेएवढी रेघ भिंतीवर,
पाने उन्हात पसरून तो एकेक पुसत होता.
त्याच्या शेजारी बसून मीही पुसले,
दहाचा, बाराचा, चौदाचा,
दोघांपैकी कुणी पाण्याविषयी बोललं नाही.

रात्री वही उघडली. पेनाने लिहिलं:
पूर. गाडीला पाणी लागलं नाही.
तरी तेल बदलणार, कनुभाईचं बसलं की.
मग खाली, जागा होती म्हणून:
चाळीसच्या पुढे डाव्या पुढच्या चाकातून
बारीक घूं येतंय.
अजून कुणालाच ऐकू येणार नाही एवढं.
सोमवार.